जनवाड्याचं सात हॉर्सचं इंजिन

हैदराबादहून बीदर साधारण १४० किलोमीटर. जहीराबाद मागे पडलं की माती लाल होते आणि बीदरच्या पठारावर तर रस्त्याच्या कडेची दरडसुद्धा विटेसारखी दिसते. हा जांभा दगड. किल्ला याच्यावरच उभा आहे. बीदर ओलांडून औरादच्या रस्त्याला लागलं की उतार सुरू होतो, लाल रंग संपतो आणि मांजरेच्या खोऱ्यातली काळी माती दिसू लागते. थोडंच पुढे आमचं जनवाडा.

गावाच्या पाट्या कन्नडमध्ये आहेत. दुकानातला हिशेब दखनीत होतो, घरातली भांडणं मराठीत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात आलो. आत्याचं सासर उदगीरचं, म्हणून आमच्या घरात राज्याची सीमा म्हणजे आत्याकडे जाताना लागणारी एक पाटी, एवढंच.

या वेळी मी गेलो तो ऑगस्ट संपत आला होता. पावसानं तीन आठवडे दडी मारलेली. सोयाबीनच्या शेंगांत दाणा भरायचे दिवस, आणि नेमका शिवारातला ट्रान्सफॉर्मर जळालेला. विहिरीला पाणी होतं, पण मोटर चालायला वीज नव्हती. नवा ट्रान्सफॉर्मर कधी येईल ते कोणी सांगत नव्हतं.

विहिरीवरच्या खोलीत आजोबांचं डिझेल इंजिन होतं, किर्लोस्करचं. पंधरा वर्षं बंद. चुलतभावानं ते भंगारात द्यायचं ठरवून टाकलं होतं. भंगारवाला येऊन वजनाचा अंदाजही घेऊन गेला होता. काका मात्र म्हणाले, "आधी चालतंय का बघू. विकायचं तर नंतरबी विकता येतंय."

हँडल मारलं तर चाक भसाभस फिरलं. कॉम्प्रेशनच नाही. म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, एवढं निदान भावानंच केलं. तो मोटरसायकलवर बीदरला गेला आणि संध्याकाळी रिंगांचा सेट घेऊन आला. दुसऱ्या दिवशी इंजिन उघडलं, तर रिंगा लायनरमध्ये जाईनात. चांगल्या मोठ्या होत्या. एक दिवस वाया गेला आणि सोयाबीनची पानं दुपारी मान टाकू लागली.

तेव्हा काकांनी शेजारच्या गावच्या उस्तादांना बोलावलं. सत्तरीचे असतील. आल्या आल्या त्यांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही, भावाला विचारलं, "दुकान में क्या बोले?"

"किर्लोस्कर, सात हॉर्स."

"सात किसने बोला?"

सात हॉर्स हे आमच्या घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. आजोबांनी सात हॉर्सचं इंजिन बसवलं, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

उस्तादांनी रॉकेलचा बोळा घेऊन इंजिनाची कूस घासायला सुरुवात केली. हिरव्या रंगाचे दोन थर आणि तेलाची काजळी निघाल्यावर पत्र्याची एक पट्टी दिसली. अक्षरं झिजलेली. पहिलं अक्षर काही केल्या लागेना. पुढचं 'व्ही' आणि 'एक' तेवढं दिसलं. ते म्हणाले, एव्ही-वन असेल नाहीतर टीव्ही-वन. मग खिशातून व्हर्नियर काढला आणि लायनरच्या तळाशी, जिथे झीज कमी असते तिथे, माप घेतलं. ८० मिलिमीटर.

ही दोन इंजिनं बाहेरून भावंडांसारखी दिसतात. दोन्ही एका सिलिंडरची, पाण्यानं थंड होणारी, मिनिटाला १५०० फेऱ्यांची. दोन्हींत पिस्टनची धाव ११० मिलिमीटर. फरक आहे तो सिलिंडरच्या व्यासात: एव्ही-वनचा ८०, टीव्ही-वनचा ८७.५. पहिलं पाच हॉर्सचं, दुसरं सातचं. साडेसात मिलिमीटरच्या फरकामुळे आमच्या रिंगा बसत नव्हत्या. दुकानदारानं मागितलं तेच दिलं होतं. आम्ही मागितलं चुकीचं.

काका हसत सुटले. "तुझे आजोबा सगळंच दोन हॉर्सनं वाढवून सांगायचे."

उस्तादांनी लायनरच्या वरच्या टोकाला माझं नख फिरवायला लावलं. नख एका कडेला अडकलं. रिंग जिथवर जाते तिथवर लोखंड झिजतं आणि त्याच्या वर झिजलेला नसलेला कडा उरतो. कडा नखाला लागला की नुसत्या रिंगा घालून भागत नाही, पिस्टन आणि लायनर जोडीनंच बदलायचे. भाऊ पुन्हा बीदरला निघाला. या वेळी त्याच्याकडे पट्टीचा फोटो होता, कागदावर माप होतं आणि पिशवीत जुना पिस्टन.

तो येईपर्यंत आम्ही डिझेलची टाकी धुतली. उस्ताद सांगत होते की पूर्वी इकडे मोठ्या चाकांची लिस्टर पद्धतीची इंजिनंही भरपूर असायची. मूळ कंपनी इंग्लंडातली. तिचं सहा हॉर्सचं इंजिन मिनिटाला ६५० फेऱ्यांवर चालायचं, प्रत्येक ठोका वेगळा ऐकू यायचा. तशीच इंजिनं पुढे राजकोटच्या कारखान्यांत बनू लागली. किर्लोस्करची गोष्ट तर आमच्या भागाला जवळची. लक्ष्मणरावांनी सुरुवात केली बेळगावात सायकलच्या दुकानापासून, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, आणि पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी उभी राहिली १९४६ साली. विहिरीवर वीज पोचण्याआधी हीच इंजिनं पोचली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोडणी झाली. पंपाच्याच पाण्याची एक बारीक नळी इंजिनातून फिरवलेली असते, तेच त्याला थंड ठेवतं. डिकॉम्प्रेशनची खुंटी उचलून मी आणि भावानं हँडल फिरवलं, वेग आल्यावर उस्तादांनी खुंटी पाडली. दोनदा काळा धूर. तिसऱ्यांदा इंजिन धरलं. पाणी पाटात पडायला आणखी पाच मिनिटं लागली, कारण फूटव्हॉल्व्ह गळत होता आणि पाईप बादल्यांनी भरावा लागला. काकू पाटाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. कोणी काही बोललं नाही. त्या आवाजात बोलून ऐकूही आलं नसतं.

हे सगळं इथे लिहायचं कारण म्हणजे ओहायोतल्या माझ्या गॅरेजमध्ये असलेला लॉन मोवर. हिवाळाभर टाकीत पेट्रोल तसंच ठेवलं, ते कार्ब्युरेटरमध्ये चिकट झालं, आणि मोवर बसला. चूक माझीच. मग मी "ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, अमुक इतक्या हॉर्सचं" असं शोधून कार्ब्युरेटर मागवला. तो बसला नाही. भावानं बीदरला जे केलं तेच मी संगणकावर बसून केलं होतं.

परत आल्यावर मोवरच्या इंजिनाचं झाकण पुसलं. त्यावर तीन आकडे ठोकलेले असतात: मॉडेल, टाइप आणि कोड. मॉडेलचे पहिले एक-दोन अंक सिलिंडरचं घनमान घनइंचात सांगतात. १२ म्हणजे साधारण १९० सीसी. पुढचे अंक रचना, दांडा आडवा की उभा, कार्ब्युरेटर कोणता, हे सांगतात. मोवरचं पातं जमिनीला समांतर फिरतं म्हणून त्याचा दांडा उभा. पंपाच्या इंजिनाचा आडवा. कोडमध्ये तारीख लपलेली असते: पहिले दोन अंक वर्ष, मग महिना, मग दिवस. एकाच मॉडेलमध्येसुद्धा टाइप बदलला की भाग बदलू शकतो, म्हणून तिन्ही आकडे द्यायचे. मी तिन्ही दिले. कार्ब्युरेटर बसला.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी गावाकडचं असं एखादं इंजिन अजून उभं असेल, त्यांनी पुढच्या खेपेला एक बोळा आणि फोन घेऊन जावं. पट्टी पुसून फोटो काढावा. जवळ कोणी वडीलधारं असेल तर ते कधी आणलं, कसं आणलं तेही तेव्हाच विचारून घ्यावं. पट्टीवर तेवढं लिहिलेलं नसतं.

ट्रान्सफॉर्मर आला अकरा दिवसांनी. तोवर इंजिनानं दोन पाळ्या पाणी दिलं होतं. भंगारवाल्याला भावानंच परत पाठवलं. खोलीच्या दारावर आता त्यानं खडूनं लिहून ठेवलंय: एव्ही-वन, ८०, ११०. हॉर्सपॉवर लिहिलेला नाही. मी फोनवर विचारलं तर म्हणाला, "राहू दे की. गावात सगळ्यांना सातच म्हायती हाय."