अर्धं शटर

नवा रायपुरात संध्याकाळी फिरायला निघालं की आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो, इतके रस्ते रुंद आणि रिकामे. परवा त्या शांततेत अचानक ड्रम धडधडला. सेक्टरच्या बाजारातल्या एका रिकाम्या गाळ्याचं शटर अर्धं खाली ओढलेलं. खालून सहा पाय दिसत होते, त्यातले चार अनवाणी. दोन गिटारी, एक ड्रम. एकच कडवं, दर वेळी एकाच जागी कोसळणारं. "अबे, तू जल्दी आ रहा है!" मग पुन्हा पहिल्यापासून.

जुन्या रायपूरच्या तात्यापाऱ्यात दुसऱ्या कॉर्डलाच वरच्या मजल्यावरून कुणी काकू ओरडल्या असत्या. इथे ओरडायला शेजारीच नाही.

माझ्या कानात मात्र गिटार राहिली बाजूला, बेंजो वाजू लागला. रायपूरच्या गणपती विसर्जनाच्या रात्रभर चालणाऱ्या झांक्या, आणि त्यांच्यापुढे वाजणारी धुमाल पथकं. आपण ज्याला बेंजो म्हणतो तो खरा बेंजो नव्हेच. 1912 साली जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता यांनी तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवून ताइशोगोतो बनवला. आपल्याकडे येऊन तो बुलबुलतरंग झाला आणि लाऊडस्पीकरला जोडल्यावर बेंजो. माझ्या लहानपणचा बेंजोवाला ट्रकवर मांडी घालून बसायचा. तारा छेडायला कंगव्याचा तुटका तुकडा. खड्डा आला की बोट भलत्या बटणावर पडायचं, पण तो थांबायचा नाही. त्या चुकलेल्या सुरावरूनच पुढची ओळ उचलायचा, आणि पुढच्या फेरीत, खड्डा नसतानाही, मुद्दाम तसाच घसरायचा. खाली नाचणारे खूश! आम्ही पोरं तर खड्ड्यांचीच वाट बघायचो. इतकं धीट वादन मी नंतर सभागृहांत फार ऐकलेलं नाही.

6 जुलै 1957 ला लिव्हरपूलच्या वूल्टनमध्येही मिरवणूक होती, चर्चच्या जत्रेची. एका लॉरीवर 'क्वारीमेन' नावाची पोरं. कपडे घासायची पाटी हे एक वाद्य, चहाच्या खोक्याला दोरी ताणून केलेला बास हे दुसरं. पुढे 16 वर्षांचा जॉन लेनन, गिटारवर आईने शिकवलेले बेंजोचे कॉर्ड धरून. तिचा बेंजो मात्र खरा. 'कम गो विथ मी'चे शब्द त्याला येत नव्हते, म्हणून त्या दिवशी मनचे घालून गायला. त्याच संध्याकाळी भेटलेल्या 15 वर्षांच्या पॉल मॅकार्टनीला त्याच्या गाण्यांचे शब्द पाठ होते आणि गिटार सुरात लावताही येत होती. माझा जीव आपला मनचे शब्द घालणाऱ्यावर.

शटर वर सरकलं. घामाघूम मुलगा बाहेर डोकावला. "अंकल, आवाज ज्यादा आ रही है क्या?"

मी घाईघाईने म्हटलं, "नहीं, बिलकुल नहीं."

त्याचा चेहरा जरासा पडला.