पणाला कोण लागलं?

डॅशियल हॅमेटची ‘द ग्लास की’ ही खुनाची कादंबरी म्हणून ओळखली जाते. मला ती आधी वसुलीची कादंबरी वाटते. सिनेटरच्या मुलाचं प्रेत रस्त्यात सापडतं, शहर हादरतं, निवडणूक तोंडावर असते. आणि ज्याला ते प्रेत सापडलं तो नेड ब्यूमाँट भलत्याच चिंतेत असतो. त्याचा घोडा जिंकलाय, ३,२५० डॉलर येणं आहे, आणि बुकी पैसे न देता न्यूयॉर्कला पळून गेलाय.

ही कादंबरी १९३० साली ‘ब्लॅक मास्क’ मासिकातून आली आणि १९३१मध्ये पुस्तक झाली. अमेरिकेत दारूबंदी होती, म्हणजे दारू सगळीकडे मिळत होती आणि तिचा हिशेब राजकारण्यांच्या खिशात जात होता. हॅमेटनं शहराला नावच दिलेलं नाही. शहर चालवतो पॉल मॅडविग. कुठल्याही खुर्चीवर नसलेला, पण सरकारी वकिलापासून सगळे ज्याच्या शब्दावर हलतात असा माणूस. आपल्याकडच्या वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही. नेड त्याचा मित्र, सल्लागार आणि पक्का जुगारी. हॅमेट स्वतः काही वर्षं पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरीला होता. भ्रष्टाचार पाहून आश्चर्य वाटण्याचा काळ त्याच्या बाबतीत लिहिण्याआधीच संपला असावा, म्हणून त्याच्या पुस्तकात कुणी संतापत नाही.

नेडला त्या पैशांची एवढी घाई का? तो बरेच दिवस सलग हरत होता. नशीब फिरलं याचा पुरावा म्हणून त्याला ते पैसे हातात हवेत. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जुगाराचं देणं कोर्टात वसूल होत नाही. आपल्या १८७२च्या करार कायद्यातही कलम ३० पैजेचा करार रद्दबातल ठरवतं. त्यामुळे जुगार शब्दावरच चालतो. हरलेल्यानं द्यायचं, बस्स. न्यायाधीश, पोलीस, वर्तमानपत्र सगळं विकलं गेलेल्या त्या शहरात हा एकच नियम अजून शाबूत आहे, आणि बुकीनं तोही मोडलाय.

माझा धाकटा मामा मटका खेळायचा. आकडा लावायचा, चिठ्ठी खिशात घालायचा, बहुतेक वेळा हरायचा. पगार गेला, मग सायकल गेली, मग मामीशी बोलणं गेलं. लग्नकार्यात त्याच्या हाती कुणी पैशाचं पाकीट देत नसे. त्याच घरात दुसरे एक नातेवाईक होते, ज्यांना पहिल्या पंगतीला बसवत. त्यांना जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं. त्यांनी मुलीचं शिक्षण मध्येच थांबवून तिला एका वजनदार घरात दिलं. तिकीट मिळालं. त्यांना कुणी जुगारी म्हटलं नाही. माझी ती मावसबहीण पुढे माहेरी फारशी आली नाही, आणि का येत नाही हे विचारण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती.

‘द ग्लास की’मधला सिनेटर हेन्री हा त्या पहिल्या पंगतीतला माणूस आहे. त्याला पुन्हा निवडून यायचंय आणि त्यासाठी पॉलचा पाठिंबा हवाय. पॉल त्याच्या मुलीवर, जॅनेटवर, भाळलाय. बाप मुलीला पॉलशी गोड वागायला लावतो. पुढे भांडणात तो स्वतःच्या मुलाला मारून बसतो आणि तिथूनही त्याचं लक्ष मतदानावरच राहतं. खून पॉलवर ढकलला जात असताना तो गप्प बसतो. मुलगी, मुलगा, मित्र, तिघंही एकेक करून पणाला लागतात. फासे मात्र त्यानं आयुष्यात कधी हातात धरले असतील असं वाटत नाही.

हे वाचताना मला द्यूतसभा आठवते. युधिष्ठिरानं धन लावलं, राज्य लावलं, भाऊ लावले, स्वतःला लावलं आणि शेवटी द्रौपदीला. द्रौपदीचा प्रश्न खेळावर नव्हताच. आधी कोण हरलं, स्वतः की मी, असं तिनं विचारलं. स्वतःला हरून बसलेला माणूस दुसऱ्याला कुठल्या अधिकारानं लावतो? त्या सभेत सरळ उत्तर मिळालं नाही. जुगार आणि महत्त्वाकांक्षा यांतली सीमा मला या प्रश्नात दिसते. पणाला लागलेली वस्तू कुणाची आहे, एवढंच पाहायचं.

आता नेडला या फुटपट्टीनं मोजावं तर सोपं जात नाही. पॉलला दगा द्यायला तो नकार देतो आणि विरोधकांच्या मारहाणीत जवळजवळ मरतो. तिथे त्यानं स्वतःचं अंग लावलंय. पण ते ३,२५० डॉलर वसूल करायला तो सरकारी तपासनिसाचा बिल्ला मिळवतो आणि मेलेल्या मुलाची टोपी बुकीच्या खोलीत लपवून त्याला खुनात अडकवण्याची धमकी देतो. एका वर्तमानपत्राच्या मालकाची बायको तो त्याच्या डोळ्यांदेखत आपल्याकडे ओढतो. मालक स्वतःला गोळी घालतो. नेड मृत्युपत्र फाडून टाकतो, कारण त्यामुळे पॉलवरची बदनामी थांबते. हॅमेट नेडच्या मनात एकदाही शिरत नाही. त्यानं काय केलं, काय बोलला, मिशीवरून बोट कसं फिरवलं, एवढंच सांगतो. पश्चात्ताप झाला की नाही, हे आपण ठरवायचं. मला वाटतं, दुसऱ्याचं पणाला लावायची सवय त्या शहरात हवेसारखी पसरली आहे, आणि नेडही तीच हवा घेतो. मामाला मी या पुस्तकामुळे संत ठरवत नाही, ते यामुळेच. मामीचं मंगळसूत्र गहाण पडलं ते काही मामाचं नव्हतं.

शेवटी सिनेटर स्वतःला संपवण्याची मुभा मागतो. नेड देत नाही. हरलास, तर देणं दे, हा जुगाऱ्याचा नियम तो पहिल्यांदाच एका प्रतिष्ठित माणसाला लावतो. कादंबरीतला खरा न्याय मला एवढाच दिसतो.

हॅमेटवर स्वतः पाळी आली १९५१मध्ये. सिव्हिल राइट्स काँग्रेसच्या जामीन निधीचा तो विश्वस्त होता. जामिनावरचे काही कम्युनिस्ट पुढारी फरार झाले आणि निधीला पैसे कुणी दिले हे कोर्टानं विचारलं. त्यानं नावं सांगितली नाहीत आणि तो सुमारे पाच महिने तुरुंगात राहिला. लिलियन हेलमननं नंतर लिहिलं की त्याला ती नावं ठाऊकच नव्हती. ‘मला माहीत नाही’ म्हणून तो सुटू शकला असता. तेवढंही त्यानं म्हटलं नाही. पुढे कर्ज, करवसुली, आजारपण. १९६१ साली तो गेला तेव्हा जवळ फारसं काही उरलं नव्हतं. जे गेलं ते त्याचं स्वतःचं होतं.