सुटे भाग

हार्ड डिस्कचा जंपर. रिबन केबल आणि पॉवरच्या पिना यांच्या मधल्या जागेत बसणारा, मुगाच्या दाण्याएवढा प्लॅस्टिकचा तुकडा. आत पितळी पट्टी, दोन पिनांना जोडणारी. एका केबलवर दोन ड्राइव्ह, म्हणून एक मास्टर, दुसरा स्लेव्ह. दोन्ही मास्टर राहिले तर बायोसला बहुधा एकही धड दिसत नसे. वेस्टर्न डिजिटलची डिस्क केबलवर एकटी असेल तर तिचा जंपर काढूनच ठेवायचा. हे सगळं पाठ करायची गरज नव्हती. डिस्कच्या लेबलावर आकृती छापलेली असे: कुठल्या दोन पिना जोडल्या की काय होईल. 2003 मध्ये साटा आली, एका केबलला एकच ड्राइव्ह उरला आणि जंपरचं काम संपलं. तो गेला याचं मला दुःख नाही. ती आकृती गेली याचं आहे. मला कसं जोडायचं ते वाचा आणि तुमचं तुम्ही जोडा, असं सांगणारी वस्तू हातात घेताना आपल्यावर कुणीतरी भरवसा ठेवलाय असं वाटायचं.

रिबन केबलची लाल कड. लाल बाजू एक नंबरच्या पिनेकडे. आधी 40 तारा असत, पुढे वेग वाढला तेव्हा 80 झाल्या. वाढलेल्या चाळीसही नुसत्या अर्थच्या, शेजारच्या दोन सिग्नलांनी एकमेकांत गडबड करू नये म्हणून मध्ये बसवलेल्या. निळं टोक बोर्डाला, काळं मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला.

पेंटियमच्या काळातल्या मदरबोर्डवर तर जंपरांच्या रांगाच. एक रांग बसच्या वेगाची, एक गुणकाची, एक व्होल्टेजची. 66 गुणिले 3, म्हणजे 200 मेगाहर्ट्झ. साध्या पेंटियमला 3.3 व्होल्ट, एमएमएक्सच्या गाभ्याला 2.8. बोर्डाबरोबर आलेल्या पातळ पुस्तिकेत तक्ता असायचा आणि ती पुस्तिका जपून ठेवायची शिस्त होती. 233 चा एमएमएक्स लावताना जंपर दीडपटीवर ठेवावा लागे, कारण तो प्रोसेसर दीडपटीची खूण साडेतीनपट अशी वाचत असे. हे ज्याला माहीत तो हार्डवेअरवाला.

बीप.

पीसी चालू केला की एक छोटा बीप, म्हणजे सगळं ठीक. अवॉर्ड बायोसवर एक लांब आणि दोन छोटे, म्हणजे डिस्प्ले कार्ड. लांब बीप पुन्हा पुन्हा, थांबतच नाही, म्हणजे रॅम. कॅबिनेटमधल्या त्या लहानशा स्पीकरमुळे फोनवरून निदान करता यायचं. "काका, बीप येतोय का? कसा येतोय, लांब की तुटक? जरा रिसीव्हर कॅबिनेटजवळ धरा." पलीकडच्या माणसाला कॉम्प्युटरमधलं काही कळत नसलं तरी चालायचं, बीप ऐकू आला की पुरे. आता बऱ्याच बोर्डांबरोबर स्पीकर येत नाही. त्याऐवजी बोर्डावर चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट. जिथे अडलं तो दिवा पेटून राहतो. सोय चांगली आहे, तिला नावं ठेवणार नाही. पण त्यासाठी कुणीतरी टेबलाखाली वाकून कॅबिनेटमध्ये बघायला हवं. बीप शेजारच्या खोलीतही ऐकू जायचा.

अप्सराचा पांढरा खोडरबर. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त पीसी वाचवणारं हत्यार. तक्रार ठरलेली: डिस्प्ले येत नाही. पंखा फिरतो, हिरवा दिवा लागतो, स्क्रीन काळी. पावसाळ्यात ही तक्रार वाढते, कोकणात खाऱ्या हवेमुळे जरा जास्तच. आधी वायर भिंतीतून काढायची. मग पॉवरचं बटण एकदा दाबायचं, म्हणजे आत उरलेला करंट उतरतो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. स्लॉटच्या दोन्ही टोकांचे लॅच बाहेर ढकलले की रॅमची पट्टी आपणहून वर येते. ती कडेला धरायची, चिपांना बोट लावायचं नाही. सोनेरी पट्ट्यांवर काळपट झाक दिसते, कधी दिसतही नाही. खोडरबर वरून कडेकडे, एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरवायचा. सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, त्यामुळे पॉलिश पेपरचं नावही काढायचं नाही. मग रबराचा भुगा कोरड्या ब्रशने झाडायचा, स्लॉटही झाडायचा. पट्टीतली खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवून दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबायचं. लॅच आपोआप मिटले, दोन्हीकडून आवाज आला, तरच बसली.

त्या खाचेबद्दलही सांगायला हवं. डीडीआर-टू आणि डीडीआर-थ्री दोन्ही 240 संपर्कांच्या, लांबीही तीच. पण खाच थोडी सरकवलेली, त्यामुळे चुकीची पट्टी चुकीच्या स्लॉटात जातच नाही. करणाऱ्याने दुसऱ्याच्या अज्ञानाची आधीच काळजी घेतलेली असते.

फुगलेला कपॅसिटर. साधारण 1999 ते 2007 या काळात बनलेल्या कितीतरी बोर्डांना ही साथ लागली. आतलं इलेक्ट्रोलाइट सदोष होतं. त्यात पाणी होतं, पण पाण्याची ॲल्युमिनियमवरची क्रिया रोखणारी रसायनं नीट नव्हती. आत वायू साठायचा, माथ्यावरची फुलीच्या आकाराची खाच वर यायची, पुढे तिच्यातून तपकिरी रस बाहेर. असा पीसी थंडीत सकाळी दोन-तीनदा बटण दाबल्याशिवाय उठत नसे, किंवा तापला की आपोआप रीस्टार्ट मारत असे. लोक विंडोज पुन्हा पुन्हा टाकत बसायचे, व्हायरसला दोष द्यायचे. बोर्ड तिरपा करून प्रोसेसरभोवतीच्या रांगेकडे नजर टाकली की उत्तर दिसायचं. सपाट माथ्यांच्या रांगेत दोन-तीन माथे वर आलेले.

बदलणं कष्टाचं, पण जमण्यासारखं. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, 105 डिग्रीवाला, लो-ईएसआर. काढण्याआधी ऋण बाजूची पट्टी कुठे आहे ते कागदावर लिहायचं, कारण सगळे बोर्ड ती खूण सारखी छापत नाहीत. 25 वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने काम होत नाही. बोर्डाच्या पोटातला तांब्याचा थर सगळी उष्णता ओढून घेतो आणि टाका वितळत नाही. जाड टोकाचं आयर्न, थोडं नवीन सोल्डर, मग एकेक पाय आळीपाळीने सैल करायचा. पुढे घन पॉलिमरचे कपॅसिटर आले, ते असे फुगत नाहीत. हे जाणं चांगलंच झालं. पण डोळ्यांनी दिसणारा आजार गेला. आताचे बोर्ड मरतात ते बाहेरून निरोगी दिसत मरतात.

एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीच्या वीजपुरवठ्याच्या, पाठीवरचा लाल स्विच, 115 आणि 230. चुकून 115 वर राहिला तर आपल्याकडच्या विजेने धडाका. बहुतेक नवे पुरवठे दोन्ही दाब आपणहून ओळखतात. हा गेलाच पाहिजे होता.

कॅबिनेटला येणारा हलका झटका मात्र अजून आहे, आणि तोही जायला हवा. अर्थिंग नसलेल्या घरात एसएमपीएसमधले गाळणीचे कपॅसिटर पत्र्यावर जवळपास अर्धा दाब, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास, आणून ठेवतात. करंट अगदी कमी, म्हणून जीवाला सहसा धोका नाही, पण यूएसबी आणि मॉनिटरची केबल काढताना पोर्ट जळू शकतात. लोक पार्ट बदलत राहतात, तीन पिनांच्या सॉकेटमधली तिसरी पिन कुठे जोडलीय ते कुणी बघत नाही.

इंटर्नल मोडेम. 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, त्यानंतरची वर्षं याची. वळवाच्या पावसात वीज कडाडली की टेलिफोनच्या तारेतून येऊन पहिला बळी याचा. ढग दिसले की आधी फोनची पिन काढायची, हे घराघरांतल्या मुलांना ठाऊक होतं.

पेन्सिल. एएमडीच्या थंडरबर्ड ॲथलॉनवर, 2000 साली, एल-वन नावाचे तुटके पूल असत. एचबी पेन्सिलच्या शिसाने ते जोडले की गुणक मोकळा व्हायचा. त्याच्या आधी 1998 मध्ये इंटेलचा सेलेरॉन 300ए आला, बस 66 ऐवजी 100 केली की बहुतेक वेळा थेट 450 वर चालणारा. त्याच्या कार्डवरची बी-21 ही पिन झाकली की बोर्डच त्याला शंभरचा समजे. कुणी टेप लावत, कुणी घरातलं नेलपॉलिश. जास्त पैसे देऊन मिळणारा वेग कमी पैशात मिळायचा, पण महत्त्वाचं ते नव्हतं. प्रोसेसरची मर्यादा नेमक्या कुठल्या पिनेत आहे हे डोळ्यांनी दिसत होतं.

दुकानाच्या काउंटरवरचा उघडा बोर्ड. मुंबईत पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आणि तोंडात लॅमिंग्टन रोड. पुण्यात तपकीर गल्ली. पुठ्ठ्यावर ठेवलेला मदरबोर्ड, शेजारी सुटा एसएमपीएस. दुकानदार स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पॉवरच्या दोन पिना क्षणभर जोडायचा की बोर्ड चालू. एसएमपीएस तपासायचा तर हिरवी आणि काळी तार वाकवलेल्या तारेने जोडायची, पंखा फिरला पाहिजे. जुन्या मालाला चेकिंग वॉरंटी. पार्ट तुमच्यासमोर चालला, तर पैसे द्या. रॅमचा भाव रोज वेगळा. सप्टेंबर 1999 मध्ये तैवानला भूकंप झाला तेव्हा जगभर रॅम महागली होती. ऑनलाइन मागवलेला पार्ट आज स्वस्त पडतो, पण तो बंद खोक्यात येतो, आणि आपल्या घरात दुसरा तपासायचा पीसी नसेल तर दोष खोक्यातला की घरातला हे कळायला मार्ग नाही.

उसनी रॅम. दोष शोधण्याची माझ्या मते एकच खरी रीत आहे: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बाकी सगळं तसंच ठेवा. त्यासाठी चालू हालतीतला दुसरा भाग लागतो, आणि तो मित्राच्या पीसीतून यायचा. त्याचा पीसी तासभर बंद, आपला चालू. मग त्याची पट्टी परत. 2008 च्या मॅकबुक एअरमध्ये रॅम बोर्डाला सोल्डर केलेली होती. आज बारीक लॅपटॉपांत हे सर्रास आहे. इंटेलच्या 2024 च्या लूनर लेकमध्ये तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवली आहे. त्याने वीज वाचते, जागा वाचते, हे खरं. पण एक चिप बिघडली की सर्व्हिस सेंटरमध्ये एकच उत्तर मिळतं: बोर्ड बदला. काय बिघडलं हा प्रश्न तिथे कुणाला पडतच नाही.

आणि चालता जुना पीसी. सातव्या पिढीचा इंटेल, आठ जीबी रॅम, त्यात साटाची एसएसडी टाकली की अजून छान पळतो. विंडोज 11 च्या यादीत तो सहसा बसत नाही, आणि विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. भंगारात द्यायच्या आधी त्यावर लिनक्स टाकून बघा, शाळेच्या अभ्यासाला तो बरीच वर्षं पुरेल.

नवा लॅपटॉप घेत असाल तर काउंटरवर प्रोसेसरच्या आधी तीन गोष्टी विचारा: रॅमचा स्लॉट आहे का, एसएसडी सुटी एम-टू आहे का, बॅटरी स्क्रूवर आहे की चिकटवलेली. विकणाऱ्याला माहीत नसेल तर मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल काढायला सांगा. बऱ्याच कंपन्या ते अजून देतात, आणि खालचं झाकण काढल्यावर काय दिसेल त्याचं चित्र त्यात असतं.