पलंगासमोरचं फाटक

घरात एक नवीन 'टीव्ही' आलाय, आणि त्यावर एकच मालिका दिवसभर चालते: आमचं फाटक!

खडवलीला आमचं बैठं घर. पावसाळ्यात भातसा नदीवर सहलीला येणारे लोक वाट चुकून थेट अंगणात शिरतात, म्हणून मुलाने वायफायचा कॅमेरा बसवला. चित्र दिसायचं त्याच्या मोबाईलवर, पुण्यात. आम्ही घरातले आंधळेच! मग हिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ही पलंगावर. कडी वाजली की "अहो, कोण आलंय?" दिवसातून वीस वेळा.

शेवटी माझा जुना कॉम्प्युटर हिच्या पलंगासमोर मांडला. नातवाने फोनवरून शिकवलं. कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता, पासवर्डसकट, व्हीएलसीच्या 'ओपन नेटवर्क स्ट्रीम'मध्ये टाकायचा. मुख्य चित्र जड, जुनं मशीन धापा टाकू लागलं. मग कॅमेरा पाठवतो ते दुसरं, हलकं चित्र घेतलं. वीज जाऊन आली की राउटर कॅमेऱ्याला नवा आयपी देई आणि पडदा काळा. तो पत्ता कायमचा बांधून ठेवायचा असतो, हे कळायला बी.ए. मराठीला आठवडा लागला. असो.

नातू म्हणाला, "आजोबा, ही युक्ती जुनीच आहे." केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला होता. भांडं रिकामं असलं तर खेप फुकट जायला नको, म्हणून चित्र ज्याच्या त्याच्या पडद्यावर! १२८ बाय १२८ ठिपक्यांचं, करड्या रंगाचं. १९९३ मध्ये ते इंटरनेटवर आलं आणि २००१ पर्यंत जगभरचे लोक ते भांडं बघत होते.

भांड्याचं काय जातंय म्हणा. आमच्या कॅमेऱ्यात शेजारच्या अंगणाचा नळाकडचा कोपरा येत होता. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. चौथ्या दिवशी ही म्हणाली, "अहो, तो कॅमेरा जरा वळवा. मी बघतेय हे त्या पोरीला माहीत नाही."

काय दिसलं ते हिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

स्टुलावर चढून कॅमेरा वळवला (या वयात, हो!) आणि शेजारी जाऊन सांगून आलो की इतके दिवस तुमचा नळ आमच्या पडद्यावर दिसत होता. "अहो सर, त्यात काय एवढं!" सासूबाई हसल्या. सून मात्र काही न बोलता आत गेली. ते अजून डोक्यात आहे.

संध्याकाळी मुलाचा फोन. "बाबा, कॅमेरा सरकलाय वाटतं."

"सरकला नाही, सरकवलाय."

सगळं ऐकून तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "आईला फाटक दिसतंय ना नीट?"

दिसतंय की. फक्त कडी आधी वाजते आणि चित्र दोनेक सेकंद मागून येतं. तेवढ्यात ही नुसत्या आवाजावरून माणूस ओळखून मोकळी!