क्षमावणीचा फोन



आमच्या कारंजाच्या घरात कोनाड्यातल्या फोनवर आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विणलेला रुमाल अजून आहे. फोनही तोच, नंबरही तोच. पण गेल्या वर्षी तांब्याची तार जाऊन फायबर आलं आणि बोलणं इंटरनेटवरून जाऊ लागलं. पूर्वी लाईट गेली तरी फोन चालायचा, कारण त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधून त्याच तारेतून यायची. आता लाईट गेली की भिंतीवरचा डबा बंद आणि फोन मुका. म्हणून मुलाने आजीला स्मार्टफोन आणून दिला.

आईंना फोन खरा लागतो तो क्षमावणीला. दशलक्षण पर्व आटोपलं, अनंत चतुर्दशीचा उपवास झाला, की भाद्रपद वद्य प्रतिपदेला त्या वही घेऊन बसतात. पूर्वी रात्री ११ नंतर एसटीडीचा दर पावपट व्हायचा. सूर्यास्ताआधी जेवण उरकलेलं, आणि ११ वाजेपर्यंत जांभया देत जागायचं! १ मार्च २००६ पासून मिनिटाला १ रुपयात देशभर बोलता येऊ लागलं, तेव्हा कुठे दुपारी बसू लागल्या. वहीतला प्रत्येक नंबर लागायचा. एक सोडून. सोलापूरच्या धाकट्या बहिणीचा. माहेरच्या पाटल्यांवरून बोलणं तुटलं, त्याला बारा वर्षं झाली.

यंदा त्यांनी स्वतःच म्हटलं, "लाव तिला." नेमकी लाईट गेलेली. मुलाने मोबाईलवरून व्हिडिओ कॉल लावला. मावशी समोर आल्या; केस पार पांढरे, गाल बसलेले. आईंनी क्षणभर पाहिलं आणि फोन मांडीवर पालथा टाकला.

"तोंड पाहून नाही बोलता येत मला. आपला साधा लाव."

साधा तर बंद. मी दोन्हीकडचे कॅमेरे बंद करायला लावले आणि फोन त्यांच्या कानाशी धरला.

"चुकलं माझं," आई म्हणाल्या. "पाटल्यांसाठी मी तसं बोलायला नको होतं. उत्तम क्षमा."

पलीकडे काही नाही. जुन्या फोनवर माणूस गप्प असला तरी बारीक खरखर ऐकू यायची, तो आहे हे कळायचं. इथे अगदी शून्य.

"कट झाला काय?"

"नाही आई, सेकंद चालू आहेत."

तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "ताई, पारणं नीट झालं ना तुझं?"

मी फोन त्यांच्या हातात देऊन आत गेले. त्या सकाळी उत्तम क्षमेचं फुलाफुलांचं एकच चित्र मी दीडशे जणींना पाठवलं होतं. त्यात माझी जाऊही होती. तिचा नंबर काढून बसले. चित्र नाही, फोन. तिनेही तिसऱ्या रिंगला उचलला.