वाफशासाठी कोळसा

भुईमुगाचं फूल उजेडात उमलतं आणि शेंग अंधारात भरते. सकाळी दिसलेलं पिवळं फूल दुपारी मान टाकतं. मग आठवडाभरात त्याच्या बुडाशी टोकदार आरी फुटते आणि जमिनीच्या रोखाने वाढायला लागते. मातीत दीड-दोन इंच शिरली की तिचं टोक आडवं होतं आणि तिथेच शेंग फुगते. वाटेत माती कडक लागली तर टोक वाळून जातं. मुळांना पाण्यासाठी खाली जायची मुभा असते, शेंगेला मात्र जिथे जागा मिळाली तिथेच वाढायचं असतं. म्हणून भुईमूग करणाऱ्याने सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते जमिनीच्या वरच्या दोन-तीन इंचांकडे, असं मी मानते. कोळशाचा विचारही माझ्या डोक्यात तिथूनच आला.

मी येरवड्यात राहते. शेत शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या अंगाला आहे. ते दीर आणि जाऊबाई पाहतात, मी सवड काढून नगर रस्त्याने जाते-येते. येरवड्याच्या घरामागे एक जुनी काचेची माशांची पेटी आहे. तिच्यात मी शेतातली काळी माती भरते आणि काचेला लागून भुईमुगाचे दाणे टोकते. काचेवर काळा कागद लावलेला असतो, तो वर केला की आऱ्या कुठवर पोचल्या ते दिसतं. पेटीच्या अर्ध्या भागात नुसती माती असते आणि अर्ध्या भागात कोळसा मिसळलेली. नुसत्या काळ्या मातीला पाणी देऊन चार दिवस ऊन दाखवलं की वर घट्ट पापुद्रा धरतो. आरी त्यावर टेकते, वाकते, एखादी भेग सापडली तर आत शिरते. कोळशाच्या भागात पापुद्रा धरतो, पण बोटाने दाबला तर भुगा होतो. आरीला तेवढं पुरतं.

काळ्या रानाचं दुखणं ज्यांनी त्यात काम केलंय त्यांना सांगायला नको. पाऊस पडला की पाय उचलत नाही, आठ दिवस उघडीप मिळाली की कुदळ उडते. मधला वाफशाचा काळ फार थोडा. कापसाला, तुरीला त्याने फारसं अडत नाही. भुईमुगाचं मात्र दोनदा अडतं, एकदा आऱ्या शिरताना आणि पुन्हा काढणीला. काढणीच्या वेळी जमीन सुकली असेल तर झाड उपटताना आरी तुटते आणि शेंग जमिनीतच राहते. उशीर झाला की आऱ्या कुजून अशक्त होतात, मग आणखी राहतात. काढणीनंतर रानात सरवा वेचणाऱ्या बायकांच्या ओट्या किती भरतात, त्यावरून त्या वर्षी शेतकऱ्याचं किती जमिनीत राहिलं ते कळतं. सरव्यावर कुणाचं पोट भरतं याचं मला वाईट वाटत नाही. पण बी, खत, पाणी आणि एवढ्या महिन्यांचे कष्ट घालून पिकलेली शेंग तशीच मातीत कुजावी, हे मला सोसत नाही.

आम्ही पहिल्यांदा कोळशाचा चुरा रानात नेला तेव्हा शेजारचे आण्णा बांधावर उभे राहून म्हणाले, "काळ्या रानात काळं कशापायी टाकताय?" या विषयावर मला विचारला गेलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न. कारण कोळशाची बरीचशी कीर्ती काळ्या रानातली नाहीच. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली 'टेरा प्रेटा' म्हणून गाजलेली माती माणसांनी शेकडो वर्षं कोळसा, हाडं, खापरं, खरकटं टाकून घडवलेली. तिच्या भोवतालची मूळ जमीन आम्लधर्मी आणि धुपून निःसत्त्व झालेली आहे. भुईमूगही त्याच दक्षिण अमेरिकेतला. कोलंबियातल्या अशाच आम्ल जमिनीत घेतलेला राजम्याचा एक प्रयोग 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यात कोळसा दिल्यावर राजम्याने हवेतून घेतलेल्या नत्राचा वाटा 50 टक्क्यांवरून 72 टक्क्यांवर गेला. शेंगवर्गीय पिकं करणाऱ्याला हा आकडा भुरळ घालतो. पण 72 टक्के मिळाले ते किलोभर मातीत 90 ग्रॅम कोळसा घालून. सहा इंच खोलीचा थर धरून हिशेब केला तर हे एकरी सत्तर टनांवर जातं. आमच्याकडे कुणाच्या बापजन्मी एवढा कोळसा होणार नाही, आणि राजम्याच्या झाडाची वाढही त्या सर्वांत मोठ्या मात्रेला चांगली राहिली नव्हती.

आपल्याकडे याच्या जवळचं काही असेल तर ते कोकणातलं आणि मावळ-मुळशीतलं राब भाजणं. शेण, टहाळ, गवत, पालापाचोळा रचायचा, वर माती पसरायची आणि पावसाआधी पेटवायचं. मातीखाली धुमसत जळल्यामुळे राखेबरोबर थोडा कोळसाही उरतो. भाजणारे ते तण मारण्यासाठी आणि राखेसाठी करतात, कोळशासाठी नाही. पण जांभ्याच्या लाल, आम्ल मातीला राखेतला आणि कोळशातला अल्कधर्मी अंश मानवतो. कुणी दापोलीकडे भुईमूग करत असेल तर त्याने कोळशाचा विचार माझ्यापेक्षा मोकळ्या मनाने करावा.

आमच्या रानाचा सामू आठच्या वर आहे आणि मातीत मुक्त चुना आहे. कोळसा स्वतः अल्कधर्मी. म्हणजे जिथे आधीच जास्त आहे तिथे आणखी भर. चुनखडीच्या जमिनीत भुईमुगाला लोह मिळत नाही, कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. मग हिराकस फवारायची धावपळ सुरू होते. राखेने भरलेला कोळसा भरमसाट टाकला तर हे दुखणं आपणच ओढवून घेऊ.

दुसरी भीती पालाशची, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. भुईमुगाच्या शेंगेला लागणारा कॅल्शियम मुळांवाटे पुरेसा येत नाही, शेंग तो भोवतालच्या मातीतून आपल्या सालीतून ओढून घेते. म्हणून तर एकरी 80 किलो जिप्सम पेरणीला आणि तेवढंच आऱ्या सुटताना झाडाच्या बुडाशी द्यायची शिफारस आहे. शेंगेच्या थरात पालाश फार झालं तर ते कॅल्शियमच्या आड येतं, शेंगा पोचट राहतात. ताज्या कोळशाच्या राखेत पालाश असतंच. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनला रेताड मातीत शेंगांच्या टरफलांचा कोळसा घालून पाहिला, त्याचे निष्कर्ष 2010 मध्ये आले. मातीतलं पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम वाढलं होतं. रेताड, भुकेल्या जमिनीला ते अन्न झालं. माझ्या रानात पालाशची कमतरता नाही. म्हणून टरफलांचा कोळसा मी मिरचीला देते, भुईमुगाच्या ओळीत घालत नाही.

मग आण्णांच्या प्रश्नाला उत्तर काय? कोळसा खत म्हणून नको, जमीन सुधारायचं औषध म्हणूनही नको. तो हवा भुसभुशीतपणासाठी. चिकण मातीच्या कणांमध्ये सच्छिद्र, हलके, न कुजणारे तुकडे बसले की ढेकूळ सहज फुटतं, पाणी लवकर मुरतं, आणि वाफसा एक-दोन दिवस आधी येऊन एक-दोन दिवस जास्त टिकतो. हे शेणखतानेही होतं. शेणखत आम्ही घालतोच, पण आपल्या उन्हात ते दोन-तीन वर्षांत संपतं आणि आता मिळतंही कमी. कोळसा टिकतो.

कोळसा तुरीच्या तुराट्यांचा करतो. काढणीनंतर त्या बांधावर पडून असतात, नाहीतर पेटवल्या जातात. विदर्भात पऱ्हाटीचं तेच होतं आणि ऊसपट्ट्यात पाचटाचं. पाचटाचा कोळसा करण्याचं तंत्र पुण्याच्या 'आरती' संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, शेतकऱ्यांपर्यंत नेलं, 2002 साली त्यांना त्यासाठी ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांचा हेतू चुलीसाठी इंधन करण्याचा होता, पण जे फुकट जळून जातं त्याचा कोळसा करता येतो हे पुणे जिल्ह्यातल्या आम्हा पुष्कळांना प्रथम त्यातून कळलं.

आमची पद्धत साधी, खड्ड्याची. वर रुंद आणि तळाशी निमुळता खड्डा खणतो. तळाशी बारीक काटक्या पेटवायच्या, धग धरली की वर तुराट्यांचा पातळ थर द्यायचा. वरची ज्योत खालचा धूर जाळत राहते आणि खालच्या थरापर्यंत हवा पोचू देत नाही. थराच्या कडांवर पांढरी राख दिसू लागली की पुढचा थर. घाई केली तर धूर होतो, दिरंगाई केली तर राख होते. खड्डा भरला की लगेच भरपूर पाणी ओतायचं. शंभर किलो वाळक्या तुराट्यांतून वीस-पंचवीस किलो कोळसा निघतो. चांगला झालेला कोळसा मोडताना काचेसारखा आवाज करतो, आणि हाताला लागलेला काळेपणा साध्या पाण्याने जातो. हात तेलकट राहिले आणि डांबराचा वास आला तर तो कच्चा, तो पुन्हा खड्ड्यात. हे काम येरवड्यात करता येत नाही आणि करूही नये. शहरात पालापाचोळा जाळायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे, इथल्या हवेत आणखी धूर कशाला? कोळशाची पोती मात्र मी घरी आणते, कारण पुढचं काम हळू आणि हाताचं आहे.

आधी कुटून ज्वारीच्या दाण्याएवढा करायचा, मैद्यासारखा नाही. मग दोन-तीन पाण्यांनी धुवायचा. राखेतलं पालाश यात बरंच निघून जातं, ते पाणी मी परसातल्या केळीला घालते. त्यानंतर कुजलेल्या शेणखतात कालवून, ओलावा राखून, पिंपात मुरत ठेवायचा. पुष्कळ लोक गोमूत्रात भिजवतात. इतर पिकांना ते चालेल, पण गोमूत्रात पालाश भरपूर असतं, भुईमुगाच्या शेंगेशेजारी मला ते नको. मुरवणं टाळता येत नाही. कोरडा, ताजा कोळसा मातीतला नत्र आधी स्वतःच धरून बसतो, आणि मुळांवर गाठी येण्याआधीच्या तीन आठवड्यांत रोप पिवळं दिसतं. रायझोबियम मी बियाण्यालाच लावते, कोळशात मिसळत नाही.

शेतात एकरी चार-पाच क्विंटलच जातो, तोही फोकून नाही. उन्हाळी भुईमुगाला गादीवाफे करतो, त्यावर पेरणीच्या ओळीच्या दोन्ही बाजूंना वितभर पट्ट्यात, दोन-तीन इंचांच्या थरात मिसळतो. जात टॅग 24, ट्रॉम्बे आणि अकोला यांनी मिळून दिलेली बुटकी उपटी. तिच्या शेंगा झाडाच्या बुडाशी गोळा होतात, म्हणून एवढा पट्टा पुरतो. पसऱ्या जातीला हे जमणार नाही. कोळसा असलेल्या पट्ट्यात पेंडीमिथॅलीन हे तणनाशक नीट काम करत नाही, कोळसा ते धरून ठेवतो. तेव्हा खुरपणी आलीच, आणि ती आऱ्या सुटायच्या आत संपवावी लागते, नंतर जमिनीला हात लावायचा नाही. जिप्सम पूर्ण. आऱ्या मातीत शिराव्यात म्हणून झाडांवरून रिकामं पिंपही फिरवतो, कोळसा घातला म्हणून ते सोडलेलं नाही.

गुण काय आला? झाडाला शेंगा जास्त लागल्या असं मी म्हणणार नाही, शेजारच्या ओळींशी मोजून पाहिलं तर फरक सांगण्याजोगा दिसत नाही. फरक उपटताना दिसतो. कोळशाच्या पट्ट्यातलं झाड थोड्या ओलीवर मातीसकट सैल वर येतं, झटकलं की माती गळते आणि शेंगा आरीला धरून राहतात. मागून कुदळीने उकरलं तर कमी निघतात. शेंगा तोडायला येणाऱ्या बायका त्याच ओळी आधी धरतात, त्यांच्या हाताला फरक लागतो. मला ही साक्ष मोठी वाटते.

कोळशाच्या टिकण्याबद्दल मात्र एक गोष्ट सतत डोक्यात असते. येरवड्यातच डेक्कन कॉलेज आहे. तिथल्या संशोधकांनी, सांकलिया, अन्सारी, ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली, 1968 पासून बरीच वर्षं इनामगावला उत्खनन केलं. इनामगाव आमच्याच घोड नदीच्या काठावरचं. इसवी सनापूर्वी 1600 ते 700 या काळातली ती वस्ती. तिथे जव, गहू, मसूर, कुळीथ यांचे जळालेले दाणे सापडले. जे दाणे नुसते मातीत पडले ते गेले. जे जळून कोळसा झाले ते तीन हजार वर्षं राहिले, इतके शाबूत की धान्य ओळखता यावं. हे वाचल्यावर मी कोळसा टाकताना जास्त जपून वागते. शेणखत जास्त पडलं तर दोन पावसाळ्यांत संपेल. कोळसा जास्त पडला तर तो माझ्या नातवंडांच्या आणि त्यांच्या पुढच्या कित्येक पिढ्यांच्या रानात असेल, काढून घेता येणार नाही. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की काही तुकडे खोल जातात, तेवढंच. कुणी एकरी कित्येक टनांचा सल्ला दिला आणि बरोबर मातीचा अहवाल पाहिला नाही, तर तो सल्ला घेऊ नये असं मी स्पष्ट सांगते.

आमच्या रानातही वरच्या अंगाचा तुकडा यातून वगळला आहे. तिथे नांगराला चुनखडीचे खडे लागतात. तिथे बाजरी घेतो आणि शेणखत घालतो. यंदा आण्णांनी कांद्याच्या रोपासाठी दोन पोती मागितली. त्यांच्या मळ्यातली माती वरच्या तुकड्यासारखीच पांढुरकी आहे. पोती देण्याआधी मी त्यांना माती परीक्षणाला पाठवलंय, सामू आणि मुक्त चुना दोन्ही बघून या म्हणाले. अहवाल यायचा आहे.