लाल वायरीचा भरवसा

दाजींची वस्ती सांगोल्याजवळ, डाळिंबाच्या बागेत. गोठ्यात आणि खोलीत रात्री उजेड हवा म्हणून त्यांनी १०० वॅटची दोन पॅनल आणली. एक नवं, दुसरं कुणाच्या तरी पत्र्यावरून उतरवलेलं. माझं काम मोटार रिवाइंडिंगचं, म्हणून जोडणीला मला बोलावणं.

जुन्या पॅनलमागची अक्षरं उन्हानं पुसून गेलेली. आधीच्या मालकानं मागच्या डब्यातून घरगुती वायर काढली होती, एक लाल, एक काळी.

"लाल म्हंजे प्लस. त्यात काय बघायचं?" दाजी म्हणाले.

मी मीटर डीसी व्होल्टवर ठेवला. लाल प्रोब लाल वायरीला, काळा काळीला. आकडा आला १८.९, पण पुढं उणे चिन्ह. म्हणजे लाल वायर मायनसची होती. ज्यानं ती जोडली त्याच्याकडं त्या दिवशी जी वायर होती ती लावली असणार. आमच्या धंद्यात हे रोजचंच. मी प्लसला चिकटपट्टी गुंडाळली. नव्या पॅनलच्या प्लगवर चिन्हं छापलेली होती, तरी तेही मोजलं. आलं १९.४.

लेबलवर २१.६ लिहिलेलं पाहून दाजींना वाटलं, दुकानदारानं फसवलं. तसं नव्हतं. लेबलवरचा आकडा सेल २५ अंशांवर असतानाचा असतो. वैशाखात पत्र्यावरच्या पॅनलला हात लावला तर चटका बसतो, आणि सेल तापले की व्होल्ट उतरतात.

मग सिरीज की पॅरलल यावर वाद. शेजारच्या सोलर पंपाची पॅनल एकामागं एक जोडलेली, त्यामुळं दाजींना सिरीजच हवी होती. पण पंपाला चढे व्होल्ट लागतात. तिथं नऊ पॅनलचे चारशेच्या आसपास होतात आणि असल्या डीसीचा झटका जिवावर बेततो. आपली बॅटरी १२ व्होल्टची, कंट्रोलर साधा पीडब्ल्यूएम. सिरीजमध्ये व्होल्ट दुप्पट झाले तरी हा कंट्रोलर पॅनलला बॅटरीच्याच व्होल्टवर ओढून आणतो. अँपिअर मात्र एकाच पॅनलचे मिळतात, दुसरं फुकट. म्हणून पॅरलल करायचं, प्लसला प्लस, मायनसला मायनस. सिरीजमध्ये एक पॅनल उलटं लागलं तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो, लगेच कळतं. पॅरललमध्ये उलटं लागलं तर दोन्ही पॅनल एकमेकांत शॉर्ट होतात आणि जोडताना ठिणगी उडते.

पॅनलला बंद करायचं बटण नसतं. ऊन आहे तोवर वायर जिवंत. जोडताना दोन्हींवर जाड गोणपाट टाकलं. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडली, म्हणजे त्याला १२ व्होल्टची बॅटरी ओळखता येते. पॅनल शेवटी.

तेवढ्यात कंट्रोलरवरचा आकडा वाचला, १० अँपिअर. एका पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट सहाच्या आसपास, दोन्हींचे मिळून बारा. दाजी मोटारसायकल काढून २० अँपिअरचा आणायला सांगोल्याला गेले. तोवर मी नवं पॅनल एकटंच जोडून ठेवलं.